नवं एअर पिस्तूल रेंजवर: पहिल्या दिवशी काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

नवं पिस्तूल घेऊन कुणी रेंजवर आलं की पुढचा तास कसा जाणार हे मला आता पाठ झालंय. डबा उघडतो, सिलिंडर चढतो, पेलेट (शिशाची छोटी गोळी) आत जातो आणि पहिलाच शॉट थेट काळ्या वर्तुळावर. तो जातो डावीकडे, सात गुणांच्या रिंगमध्ये. लगेच रिअर साइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, दोन क्लिक (स्क्रूचे दोन टप्पे) उजवीकडे. पुढचा शॉट आठात, पण वर. म्हणून दोन क्लिक खाली. मग ट्रिगर जड वाटायला लागतो, तोही फिरवून होतो. तासाभरानं साइट मुळात कुठे होती, ट्रिगर कितीवर होता, काहीच आठवत नाही आणि ‘पिस्तुलातच काहीतरी गडबड आहे’ असं ठरवून मंडळी घरी जातात.

गडबड बहुतेक वेळा क्रमाची असते. पहिला दिवस पिस्तुलाच्या तपासणीचा. आपला स्कोर त्या दिवशी मोजायचाच नाही.

खाली दिलेला क्रम १० मीटर एअर पिस्तुलासाठी आहे: ४.५ मिमी कॅलिबर, दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं, एका वेळी एकच पेलेट घेणारं. सगळं मिळून शंभर-सव्वाशे शॉट आणि दोन-अडीच तास लागतील. तेवढा वेळ नसेल तर दुसरा दिवस बघा.

## टप्पा १: आदल्या संध्याकाळी, टेबलावर

आधी पुस्तिका वाचा. पूर्ण नाही वाचली तरी चार गोष्टी शोधाच: सिलिंडरचा कमाल दाब, ड्राय फायरची (पेलेटशिवाय नुसता ट्रिगर ओढण्याची) खटकी कुठे आहे, ट्रिगरचा कुठला स्क्रू काय करतो, आणि साइटच्या स्क्रूवरची अक्षरं. अक्षरांकडे टप्पा ७ मध्ये परत येऊ. निम्मा गोंधळ तिथेच होतो.

मग वही काढा आणि कारखान्यातून आलेली स्थिती लिहून ठेवा. रिअर साइटचे दोन्ही स्क्रू कुठल्या खुणेवर आहेत, खाचेची रुंदी किती, ट्रिगरची पट्टी पुढेमागे कुठे बसवली आहे, ग्रिपचा तळहाताखालचा फळकुटा किती उंचीवर आहे. मोबाईलवर प्रत्येकाचा जवळून फोटो घ्या. डब्यात कारखान्याचं चाचणी कार्ड असेल तर ते वहीत चिकटवा. त्यावर कुठला पेलेट वापरला होता ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

आता स्क्रू. ग्रिप धरणारा मोठा स्क्रू, साइटचे स्क्रू, बॅरलच्या टोकाकडचे स्क्रू. पिस्तुलासोबत आलेल्या पान्यानं प्रत्येक फक्त तपासायचा. करकचून आवळायचा नाही. ग्रिप लाकडाची असते, जास्त आवळली तर तडकते. तपासून झालं की स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या भागावर जाईल अशी पेन्सिलची बारीक रेघ ओढा. उद्या रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला हे एका नजरेत कळेल. मी एकदा अर्धा डबा पेलेट आणि चाळीसेक क्लिक खर्च केल्यावर ग्रिपचा स्क्रू सैल असल्याचं शोधून काढलं होतं. रेघ ओढायची सवय त्या दिवशी लागली.

तपासा: सिलिंडरवर कोरलेली तारीख. सिलिंडर वैधतेच्या मुदतीत आहे ना, हे बघणं आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार नेमबाजाचं काम आहे आणि ही मुदत जास्तीत जास्त १० वर्षं असते. ‘नवं’ म्हणून विकलेल्या पिस्तुलाचा सिलिंडर कधी कधी दोन-तीन वर्षं गोदामात पडून आलेला असतो, म्हणजे त्याची मुदत तेवढी आधीच सरलेली असते.

## टप्पा २: हवा भरणं

सिलिंडर सहसा २०० बारपर्यंत भरतात. नक्की आकडा सिलिंडरवर आणि पुस्तिकेत असतो, तोच खरा. मोठी टाकी ३०० बारची असू शकते. तिचा व्हॉल्व्ह एकदम उघडला तर तुमच्या छोट्या सिलिंडरला क्षणात मर्यादेपलीकडचा दाब बसेल. काट्यावर नजर ठेवून, थेंबाथेंबानं भरल्यासारखं भरा.

घाईनं भरलं की हवा तापते. काटा २०० दाखवतो, सिलिंडर हाताला कोमट लागतो, आणि गार झाल्यावर दहा-पंधरा बार कमी दिसतात. ही गळती नाही. तापमानाचा खेळ असाच असतो. खोली १० अंशांनी गार झाली तरी २०० बारचे सहा-सात बार कमी दिसतात. गळती ओळखायची तर रात्री दाब लिहून ठेवा आणि सकाळी त्याच खोलीत परत बघा.

सावध: फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीही नाही, ‘आज एवढ्यापुरतं’ म्हणूनही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो.

सिलिंडर पिस्तुलाला हातानं फिरवून लावा, पाना नको. आटे सरळ बसले की शेवटपर्यंत अलगद जातो. मध्येच अडकला तर जोर न लावता उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. फुस्स आवाज येतच राहिला तर सिलिंडर काढा आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बघा. बहुतेक वेळा ती दुमडलेली असते नाहीतर तिच्यावर कचरा असतो.

## टप्पा ३: लेनवर, पहिला पेलेट घालण्याआधी

पिस्तूल डब्यातून निघेल ते फायरिंग लाइनवरच, बॅरल टार्गेटकडे, सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामं असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) लावलेला. नवं पिस्तूल बघायला चार मित्र जमतात आणि प्रत्येकाला ते हातात घ्यायचं असतं. दाखवादाखवी नंतर. हातात देणारच असाल तर फ्लॅग आत, बोट ट्रिगरबाहेर, तोंड टार्गेटकडे.

फ्लॅगची दोरी बॅरलमधून पूर्ण आरपार जायला हवी: एक टोक मागे लोडिंगच्या जागी दिसलं पाहिजे, दुसरं पुढे तोंडाशी. नुसता रंगीत तुकडा मागे खोचून ठेवला तर बॅरल रिकामं आहे हे सिद्ध होत नाही.

बॅरलमध्ये कारखान्याचं संरक्षक तेल असू शकतं. फेल्टचा बोळा दोरीनं मागून पुढे, पेलेट जातो त्या दिशेनं, दोन-तीनदा ओढा. बोळा कोरडा आला की पुरे. लोखंडी गज घालू नका, बॅरलच्या तोंडाची कड खराब होते आणि ती पुन्हा नीट होत नाही.

डोळ्यांवर चष्मा चढवा. पेलेट शिशाचे असतात, म्हणून मध्ये काही खायचं नाही, आणि झाल्यावर हात साबणानं धुवायचे.

## टप्पा ४: पेलेटशिवाय, ट्रिगरची ओळख

ड्राय फायरची खटकी लावा आणि पंधरा-वीस वेळा ट्रिगर ओढा. टार्गेटकडे बघू नका, बोटाकडे लक्ष द्या. मॅच पिस्तुलाच्या ट्रिगरला सहसा दोन टप्पे असतात: आधी मोकळी, हलकी ओढ, मग एक ठाम भिंत, आणि त्या भिंतीवर थोडा दाब वाढवला की सुटतो. बघायचं एवढंच: भिंत दर वेळी त्याच जागी लागते का, आणि सुटण्याआधी ट्रिगर खरखरत सरकतो का.

मग वजन. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. रेंजवर तपासणीचं वजन असतं ते मागून घ्या. ड्राय फायर बंद करा, पेलेट न घालता पिस्तूल कॉक करा (शॉटसाठी चढवा), बॅरल उभं धरा, वजनाचा हुक ट्रिगरच्या मधोमध अडकवा आणि टेबलावरून सावकाश उचला. वजन पूर्ण उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही म्हणजे पास. ही चाचणी रेंज ऑफिसरला विचारून, त्यांनी सांगितलेल्या जागीच करा, कारण बॅरल उभं होतं.

नेमकं ५०० वर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. स्प्रिंग थोडी बसते, आणि स्पर्धेच्या तपासणीत ट्रिगर सुटला तर त्या दिवसाची झोप उडते. दहा-वीस ग्रॅम वर असू द्या.

सावध: ट्रिगरच्या आतल्या पकडीचा, म्हणजे सिअरचा स्क्रू पहिल्या दिवशी फिरवायचा नाही. हात लावायचाच तर फक्त पट्टी पुढेमागे सरकवा: बोटाचं पहिलं पेर मधोमध टेकलं पाहिजे आणि बोटाची बाकी बाजू ग्रिपला घासता कामा नये.

तपासा: पिस्तूल रिकामं, कॉक केलेलं, तोंड टार्गेटकडे. ग्रिपच्या तळाला दुसऱ्या हाताच्या तळव्यानं हलकी थाप मारा. सुटलं तर काम तिथेच थांबवा आणि पिस्तूल जाणकाराकडे न्या.

## टप्पा ५: पहिले वीस शॉट, नेम न धरता

पेलेट चपट्या डोक्याचा हवा. डब्यातून काढल्यावर बोटात फिरवून बघा: मागचा घेर पातळ असतो, दबलेला किंवा पिचलेला असेल तर बाजूला टाका. डोकं पुढे, पोकळ बाजू तुमच्याकडे. हसू नका, घाईत उलटा घातलेले पेलेट मी मोजायचे सोडून दिलेत. अंगठ्यानं दाबला की पेलेट कडेशी सपाट बसतो. कड बाहेर राहिली आणि झाकण बंद केलं तर ती चेपते.

टार्गेटचा कागद लावू नका. मागच्या पेलेट-ट्रॅपकडे साधारण मध्यावर रोख धरून वीस शॉट मारा आणि कान उघडे ठेवा. दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर नवा असतो, बॅरलमध्ये तेलाचा अंश असतो, त्यामुळे पहिले काही शॉट वेगळे वाजतात. दहाएक शॉटनंतर आवाज एकसारखा व्हायला हवा. वीस झाले तरी एक शॉट खणखणीत, एक दबका असं चालू असेल तर सिलिंडरचा दाब बघा; तो ठीक असेल तर रेग्युलेटरची शंका घ्या. साइट फिरवून हे दुरुस्त होत नाही.

सावध: आवाज दबका आला आणि पेलेट ट्रॅपवर आदळल्याचा टक् ऐकू आला नाही, तर पुढचा पेलेट घालायचा नाही. बॅरलमध्ये पेलेट अडकलेला असू शकतो, किंवा बोलता बोलता तुम्ही दोन घातले असतील. पिस्तूल तसंच टार्गेटकडे ठेवून रेंज ऑफिसरला हाक मारा.

## टप्पा ६: टेकू देऊन ग्रुप

आता कागद लावा. खुर्चीवर बसा, टेबलावर वाळूची पिशवी किंवा घट्ट गुंडाळलेली चादर ठेवा आणि त्यावर मनगट व हाताचा पुढचा भाग टेकवा. पिशवी बॅरलखाली किंवा सिलिंडरखाली येऊ द्यायची नाही. तिथे टेकवलं की शॉट सुटताना पिस्तूल वेगळं उसळतं आणि ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा झुबका, भलतीकडे जातो. दुसऱ्या हातानं आधार द्या. फ्रंट साइट स्वच्छ दिसली पाहिजे, काळं वर्तुळ थोडं धूसर दिसलं तरी चालेल, धूसरच दिसायला हवं. काळ्याखाली पांढऱ्याची एक पट्टी सोडून नेम धरा आणि ती दर वेळी तेवढीच ठेवा.

दहा शॉट. कुठे लागतायत ते बघायचं नाही, किती जवळ लागतायत ते बघायचं. साइटला हात नाही. ग्रुप सहाच्या रिंगमध्ये खाली कोपऱ्यात पडला तरी हात नाही.

तीन-चार वेगवेगळे पेलेट असतील तर प्रत्येकाचे दहा-दहा, वेगळ्या कागदावर. डब्यावरचा डोक्याचा व्यास (४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात) आणि बॅच नंबर कागदावर लिहा. पेलेट बदलल्यावर पहिले तीन-चार शॉट मोजू नका.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण पेलेटच्या चाचणीत नवखे लोक आठवडे घालवतात. दहाची रिंग ११.५ मिमी व्यासाची, पेलेट ४.५ मिमीचा, आणि रेघेला नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून ८ मिमीपर्यंत सरकलं तरी दहाच. ग्रुपची भोकं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २० मिमीत मावली आणि मधोमध बसली, तर सगळे दहा. चांगलं पिस्तूल टेकूवर याच्या निम्म्यात सहज मारतं. तेव्हा एक पेलेट ८ मिमी देतो आणि दुसरा ९, यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. जो सहज मिळतो आणि बरा ग्रुप देतो तो घ्या आणि पुढे चला.

ग्रुप २० मिमीपेक्षा मोठा आला तर? या क्रमानं बघा: पेन्सिलच्या रेघा जुळतायत का, टेकू बॅरलला लागतोय का, सिलिंडरचा दाब किती उरलाय, दुसरा पेलेट काय देतो, आणि शेवटी तेच पिस्तूल त्याच टेकूवर एखाद्या अनुभवी नेमबाजाच्या हातात. त्यांचाही ग्रुप पसरला तरच पिस्तुलावर संशय घ्या.

## टप्पा ७: साइट

आता स्क्रूला हात लावायला हरकत नाही. नियम सोपा: रिअर साइट त्याच दिशेला सरकवायची जिकडे शॉट न्यायचाय. अडचण अक्षरांची. जर्मन पद्धतीच्या साइटवर वर-खालीसाठी एच आणि टी, डावी-उजवीसाठी एल आणि आर असतं. काही ठिकाणी एचचा अर्थ ‘शॉट वर जाईल’ असा, तर काही ठिकाणी ‘शॉट वर जात असेल तर इकडे फिरवा’ असा, म्हणजे नेमका उलटा. पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा, आणि तरीही एकदा मारून खात्री करा.

मारायचं असं. टेकूवरच बसा. एकाच दिशेला १० क्लिक द्या आणि पाच शॉट मारा. जुन्या ग्रुपच्या मध्यापासून नव्याचा मध्य किती सरकला ते पट्टीनं मोजा. समजा २० मिमी सरकला, तर एक क्लिक २ मिमीचा. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पुढची कित्येक वर्षं लागेल.

ग्रुपचा मध्य काढायची माझी पद्धत: दहा भोकांपैकी पाच डावीकडे आणि पाच उजवीकडे राहतील अशी उभी रेघ, तशीच आडवी रेघ. छेदतात तो मध्य. तो केंद्राच्या २४ मिमी डावीकडे आणि १६ मिमी खाली असेल तर २ मिमीच्या हिशेबानं १२ क्लिक उजवीकडे, ८ वर. एकदम द्या. दोन-दोन क्लिकनं चाचपडत गेलात तर पन्नास पेलेट जातील आणि कशानं काय झालं ते कळणार नाही.

एका शॉटवर क्लिक नाही. पाचापेक्षा कमी शॉटवर तर अजिबात नाही.

टेकूवर बसवलेली साइट ही कामचलाऊ साइट. उभं राहून एका हातानं मारताना ग्रिपचा दाब आणि मनगटाचा ताण वेगळा असतो, ग्रुप थोडा सरकणारच.

## टप्पा ८: उभं राहून

आधी ग्रिप. टार्गेटकडे तोंड करून, पिस्तूल रिकामं ठेवून, नेहमीसारखं उभं राहा. डोळे मिटा, हात उचला, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. फ्रंट साइट रिअरच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तुमच्या हाताची आहे. दर वेळी डावीकडे किंवा उजवीकडे दिसत असेल तर ग्रिप हातात थोडी फिरवून बसवा आणि पुन्हा करा, पाच-सहा वेळा. मनगट वाकवून साइट जुळवायची नाही. एक तासानं मनगट थकतं आणि साइट परत मूळ जागी जाते.

फळकुटा हाताला हलका टेकेल एवढाच वर घ्या. घट्ट केला की पहिली दहा मिनिटं छान वाटतं, मग अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या येतात. आणि कानस घरीच राहू द्या. लाकूड कमी करणं सोपं असतं. कुठे टोचतंय ते फक्त पेन्सिलनं खुणावून ठेवा. पाच-सहा सत्रांनंतरही तीच जागा टोचत असेल तर बघू.

पहिले वीस शॉट कागदाच्या कोऱ्या, मागच्या बाजूवर मारा. काळं वर्तुळ नसलं की डोळा फ्रंट साइटवर राहतो आणि साइटची चौकट नवीन हाताला पटकन ओळखीची होते. मग वीस शॉट नेहमीच्या टार्गेटवर. मध्ये क्लिक नाहीत. वीस झाले की मध्य काढा आणि एकदाच दुरुस्त करा.

तपासा: ग्रुप टेकूपेक्षा तिप्पट-चौपट मोठा येईल. येऊ दे. गोल पसरला असेल तर हात नवीन आहे एवढंच. पण उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली डावीकडे लांबट शेपटी करत असतील, तर ट्रिगर ओढताना पूर्ण मूठ आवळली जातेय. त्यावर क्लिक देऊन उपयोग नाही, परत ड्राय फायरकडे जा.

## टप्पा ९: निघताना

लोड केलेला पेलेट हातानं परत काढण्याच्या भानगडीत पडू नका. शॉट टार्गेटकडे सोडून मोकळे व्हा. मग झाकण उघडा, नजरेनं बघा, फ्लॅग आरपार घाला. सिलिंडर त्यानंतर काढायचा. काढताना थोडी हवा सुटते, ते नेहमीचंच. सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवू नका, थोडा दाब आत असला की ओल आणि धूळ व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही.

डबा बंद करण्याआधी पेन्सिलच्या रेघा एकदा बघा. वहीत उतरवा: एकूण शॉट, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, पेलेटचा बॅच, साइट आता कुठे आहे, एका क्लिकला किती मिमी. कागद तारीख घालून फाइल करा.

पुढच्या सत्राचे पहिले दहा शॉट टेकू देऊन, काहीही न फिरवता मारा आणि आजच्या कागदावर ठेवून उजेडात धरा. मध्य जुळला तर पिस्तुलाची वही मिटा, सरावाची उघडा. नाही जुळला तर टप्पा १, स्क्रूपासून.